करवत मासा : दोन पाण्यांचा रहिवासी

रायपूरच्या आग्नेयेस राजिम येथे पैरी व सोंढूर या नद्या महानदीला मिळतात. सिहावाजवळ उगम पावलेली ही नदी सुमारे ८५८ किलोमीटरांचा प्रवास करून ओडिशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास मिळते. संगमावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्रातील एखाद्या माशाशी आपला काही संबंध असेल, असे सहसा वाटत नाही. परंतु महानदीच्या खालच्या प्रवाहात, समुद्रापासून बरेच आत, गोड्या पाण्यात करवत मासा आढळल्याच्या जुन्या नोंदी आहेत. या माशाचे जीवन नदी आणि समुद्र अशा दोन पाण्यांत विभागलेले असते. तो आज नाहीसा होण्याच्या मार्गावर का आला, हे समजण्यासाठी प्रथम त्याची शरीररचना पाहिली पाहिजे.

करवत मासा दिसण्यात मुशीसारखा असला, तरी तो वस्तुतः पाकटांचा नातलग होय. मुशीच्या कल्ल्यांच्या फटी शरीराच्या बाजूंवर असतात. करवत माशाच्या त्या पाकटाप्रमाणे पोटाकडील बाजूस असतात. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. जगात याच्या पाच जाती मानल्या जातात. त्यांपैकी मोठ्या दातांचा करवत मासा, हिरवा करवत मासा व अरुंद करवत मासा या तिहींच्या नोंदी भारतीय किनाऱ्यावर झाल्या आहेत. पहिल्या दोन जाती सहा मीटर किंवा त्याहूनही अधिक लांब वाढतात.

ज्या अवयवावरून माशाला हे नाव मिळाले, ती करवत म्हणजे त्याच्या मुस्कटाचाच पुढे वाढलेला चपटा भाग होय. तिच्या दोन्ही कडांवरील दात हे तोंडातल्या दातांसारखे नसून त्वचेवरील खवल्यांचेच रूपांतर असतात. मोठ्या दातांच्या जातीत प्रत्येक बाजूस साधारणतः १४ ते २४ दात असतात. दात मुळापासून निघाला, तर त्या जागी दुसरा उगवत नाही. करवतीवर असंख्य सूक्ष्म छिद्रे असून त्यांतील इंद्रियांना इतर प्राण्यांच्या शरीरातून निघणाऱ्या अतिशय क्षीण विद्युत्-क्षेत्राची जाणीव होते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नसताना मासा भक्ष्य हुडकतो तो याच साधनाने. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की तो करवतीचा झपाट्याने आडवा प्रहार करून भक्ष्याला जायबंदी करतो आणि तिच्याच साह्याने त्याला तळाशी दाबून धरतो. शोधणे आणि मारणे ही दोन्ही कामे एकच अवयव करतो.

करवत मासा अंडी घालीत नाही. तो पिलांना जन्म देतो. मोठ्या दातांच्या जातीत एका वेळी १ ते १३ पिले होतात. जन्मसमयी पिलाची करवत मऊ असते व तिच्यावर जिलेटिनासारखे आवरण असते. त्यामुळे मातेला इजा होत नाही. या जातीची पिले नदीमुखातून आत शिरतात आणि वाढीची पहिली काही वर्षे गोड्या पाण्यात काढून मग समुद्राकडे परततात. ऑस्ट्रेलियातील फिट्झरॉय नदीवरील अभ्यासावरून असे आढळले आहे, की ज्या वर्षी पावसाळ्यात नदीला मोठे व दीर्घकाळ टिकणारे पूर येतात, त्या वर्षी पिलांची संख्या वाढते. नदीच्या वरच्या भागातील पाण्याचा या माशाच्या पाळण्याशी असा संबंध आहे. महानदीवर कटकजवळ एकोणिसाव्या शतकातच बंधारे झाले, आणि १९५७ साली हिराकुद धरणाचे उद्घाटन झाले. शेतीला व वस्त्यांना त्यांचा लाभ झाला, यात शंका नाही; पण बांधलेली नदी अशा माशाला पूर्वीइतकी मोकळी राहत नाही.

याहून मोठे संकट जाळ्याचे. जी करवत गढूळ पाण्यात माशाला पोसते, तीच नायलॉनच्या जाळ्यात त्याचा घात करते. जाळ्याला नुसता स्पर्श झाला, तरी दात अडकतात. मासा सुटण्यासाठी मान हलवतो, आणि प्रत्येक हिसक्यासरशी गुंता वाढतो. मांस, पर आणि शोभेची वस्तू म्हणून करवत, यांना बाजारात किंमत येत असे. थोडी पिले व उशिरा येणारी प्रौढता यांमुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. निकाराग्वा सरोवरात हे मासे विपुल होते; १९७० च्या दशकातील व्यापारी मासेमारीने काही वर्षांतच त्यांचा जवळजवळ निःपात केला.

भारताने २००१ साली करवत माशांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. त्यांना पकडणे वा विकणे हा गुन्हा ठरला. २०१३ पासून सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापारही निषिद्ध आहे. परंतु जाळे कायदा वाचीत नाही. पापलेटासाठी टाकलेल्या जाळ्यात करवत मासा सापडला, तर नाखवा काय करील? त्याला जिवंत सोडायचे म्हणजे जाळे कापावे लागते, आणि जाळे ही तर कोळ्याच्या घरची पुंजी.

महाराष्ट्राने या अडचणीवर एक व्यवहार्य उपाय काढला. संरक्षित सागरी प्राण्याला सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ साली सुरू केली. सुटकेचे छायाचित्र हा त्यासाठीचा पुरावा मानला जातो. या योजनेमागील तत्त्व महत्त्वाचे आहे. दुर्मिळ जीव साऱ्या समाजाचा असेल, तर त्याला वाचविण्याचा खर्च एकट्या कोळ्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

सुटका करतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. माशाला होडीवर ओढू नये. शक्य तितके पाण्यातच ठेवावे. करवतीला धरून उचलू नये आणि ती कदापि तोडू नये. करवत गमावलेल्या माशाला भक्ष्य मिळविणे दुष्कर होते. जाळ्याचे धागे लांबट पात्याने, करवतीच्या रेषेने, कापीत जावे व तिच्या तडाख्यापासून दूर राहावे.

थोडक्यात, या माशाचे भवितव्य दोन ठिकाणी ठरणार आहे : समुद्रावर कोळ्याच्या हातातील पात्यापाशी, आणि नदीवर तिच्या पाण्याचे वाटप करणाऱ्यांपाशी. पहिल्या ठिकाणी भरपाईची वाट सापडली आहे. दुसऱ्या ठिकाणी, समुद्रापर्यंत पोचणारे पाणी म्हणजे वाया गेलेले पाणी, ही समजूत आधी सोडावी लागेल.