जुनी मोटार : पारख, दुरुस्ती आणि खरा खर्च

दिल्लीतील करोल बाग हा भाग कापड, दागिने आणि लग्नाची खरेदी यांसाठी जितका प्रसिद्ध आहे, तितकाच वापरलेल्या मोटारींच्या बाजारासाठीही तो ओळखला जातो. तेथील दुकानांपुढे धुऊन पुसून चकचकीत केलेल्या मोटारी ओळीने उभ्या असतात. ज्या कुटुंबास नवी मोटार परवडत नाही, ते कुटुंब साठवलेले पैसे घेऊन या बाजारात येते. मोटार चांगली निघाली तर अनेक वर्षांची सोय होते. वाईट निघाली तर किंमत आणि दुरुस्ती मिळून शिल्लक संपून जाते. म्हणून मोटार विकत घेण्यापूर्वी ती कशी झिजते आणि तिचा खर्च कसा मोजावा, हे समजून घेणे हिताचे असते.

याच करोल बागेत सांगली-सातारा भागातून आलेले सोने गाळणारे मराठी कारागीरही आहेत. सोन्याच्या चकाकीवर ते विश्वास ठेवीत नाहीत, कस पाहतात. जुन्या मोटारीच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो.

झीज कशी होते

मोटारीचे इंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल, तर प्रत्येक दट्ट्या सेकंदास ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो. एवढ्या वेगाने घासणारे धातू एकमेकांस प्रत्यक्ष भिडले, तर थोड्याच वेळात तापून जाम होतील. त्यांच्यामध्ये वंगणतेलाचा अत्यंत पातळ थर असतो आणि तोच त्यांना दूर ठेवतो. तेल जुने झाले म्हणजे त्यात काजळी व धातूचे कण मिसळतात आणि त्याचे गुणधर्म बदलतात. तेल वेळेवर न बदलल्याने वाचलेले पैसे पुढे इंजिन उघडण्याच्या खर्चात कितीतरी पटींनी जातात.

दुसरी बाब उष्णतेची. पाणी सामान्य दाबाखाली १०० अंश सेल्सियस तापमानास उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब वाढवते. दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट झाला, तर पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची रबरी चकती कडक झाली की दाब टिकत नाही आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात, गर्दीच्या रस्त्यावर, इंजिन तापते. अल्प किमतीच्या झाकणाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे इंजिनाचा माथा वाकतो, तो असा.

तिसरी बाब काळाची. उभी असलेली मोटारही जुनी होत असते. रबराच्या नळ्या व पट्टे तडकतात, बॅटरीची शक्ती घटते, ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले आणि द्रवाची वाफ झाली, तर वाफ दाबली जाते, चाके मात्र थांबत नाहीत. म्हणून ‘फारच कमी चाललेली’ एवढ्या एका गुणावर जुनी मोटार घेऊ नये.

विकत घेण्यापूर्वीची पारख

मोटार पाहावयाची ती दिवसाच्या उजेडात आणि इंजिन थंड असताना. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर सुरू होण्यातील अडचण झाकली जाते. इंजिन सुरू केल्यावर धुराचा रंग पाहावा. निळसर धूर तेल जळत असल्याची, काळा धूर इंधन प्रमाणाबाहेर जळत असल्याची आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर थंड करणारे पाणी सिलिंडरात शिरत असल्याची खूण असते. तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे.

पत्र्याची परीक्षा साध्या लोहचुंबकाने करता येते. चुंबक पातळ कापडात गुंडाळून दारांवरून व चाकांवरील कमानींवरून फिरवावा. जेथे तो पोलादास चिकटत नाही, तेथे रंगाखाली लांबी भरलेली असण्याचा संभव असतो. म्हणजे तो भाग अपघातात चेपलेला किंवा गंजलेला असावा. काही मोटारींत मूळचेच प्लास्टिकचे भाग असतात, हे मात्र विसरू नये.

टायरच्या कडेवर चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दर्शवितात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर टायर बदलण्याचा खर्च किमतीत मिळवावा. टायर एकाच कडेस झिजला असेल, तर चाकांची दिशा बिघडलेली असते. अंतर दाखवणारा आकडा अल्प, पण पायटे व सुकाणूचे चाक झिजून गुळगुळीत, असे आढळले तर आकड्यापेक्षा पायट्यांवर विश्वास ठेवावा.

दिल्लीत अनेक मोटारी दाबाखालील नैसर्गिक वायूवर, म्हणजे सी.एन.जी.वर, चालतात. टाकीतील दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट असतो आणि तिची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. चाचणीचा दिनांक तपासल्यावाचून अशी मोटार घेऊ नये.

कागद हाही मोटारीचा एक भागच होय. इंजिन व सांगाडा यांवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. मोटारीवर कर्ज असेल, तर ते फिटल्याची नोंद नमुना ३५ वर होते. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. वाहन दुसऱ्या नोंदणी कार्यालयाच्या हद्दीत न्यावयाचे असेल, तर नमुना २८ प्रमाणे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार, वापरलेल्या वाहनांच्या व्यापाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक आहे. ते पाहावयास मागण्यात संकोच बाळगू नये.

घरी काय करावे, काय करू नये

हवेची गाळणी बदलणे, ठिणगीचे प्लग साफ करणे किंवा बदलणे, बॅटरीच्या टोकांवरील पांढरा-हिरवा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुणे, दिवे व फ्यूज बदलणे, टायरांतील हवा मोजणे, ही कामे साधा पान्हा, स्क्रू-पिळणी आणि थोडे धैर्य यांवर होतात. सराव झाल्यावर तेल व त्याची गाळणीही घरी बदलता येते. बॅटरीची स्थिती विद्युतदाब-मापकाने कळते : मोटार बंद असताना पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; इंजिन चालू असता हाच आकडा साधारणपणे १३.८ ते १४.४ असावा. तो वाढत नसेल, तर दोष बॅटरीत नसून बहुधा भारण यंत्रणेत असतो, आणि नवी बॅटरी घेण्याचा व्यर्थ खर्च टळतो.

काही नियम मात्र कधीही मोडू नयेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब एकदम उतरताच पाणी उसळून अंग भाजते. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शिरू नये; तिला भक्कम आधार द्यावा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ ठिणगी येऊ देऊ नये आणि तारा सोडवताना ऋण टोक आधी सोडवावे. वापरलेले तेल गटारात ओतू नये. ते घातक टाकाऊ द्रव्य असून अधिकृत संकलकास द्यावे. ब्रेक, सुकाणू, अपघातात फुगणाऱ्या पिशव्या आणि वायूची टाकी यांची कामे जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावीत.

खर्चाचा हिशेब

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन मोटारी एकाच जातीच्या आहेत. पहिली बारा वर्षांची, किंमत १,८०,००० रुपये, वापरावयाची वर्षे तीन. दुसरी नऊ वर्षांची, किंमत ३,००,००० रुपये, वापरावयाची वर्षे सहा. दोन्हींची मोड शेवटी ३०,००० रुपयांस जाईल असे मानू. पहिलीची वार्षिक घट ५०,००० रुपये येते, दुसरीची ४५,०००. जी स्वस्त वाटली, तीच वर्षास ५,००० रुपयांनी महाग ठरली.

पहिली मोटार वर्षास ८,००० किलोमीटर चालते, लिटरला १६ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे असे धरले, तर इंधनास ५०,००० रुपये लागतील. विम्यास ६,००० आणि दुरुस्तीस २४,००० मिळवले, म्हणजे एकूण वार्षिक खर्च १,३०,००० रुपये, अर्थात किलोमीटरला १६ रुपये २५ पैसे.

दुरुस्तीच्या २४,००० रुपयांत सुटे भाग १४,००० चे व मजुरी १०,००० ची मानू. मालकाने स्वतः काम करून मजुरीतील ६,००० रुपये वाचवले, तर किलोमीटरमागे ७५ पैसे कमी होतात. ही बचत खरी आहे. पण हत्यारांची खरेदी पहिल्या वर्षी तिच्यातील बराच भाग खाऊन टाकते. यावरून दिसते की पान्ह्याने होणारी बचत घटीच्या मानाने लहान असते. मोटार निवडताना केलेली चूक पुढे कितीही पिळण्या आवळल्या तरी भरून येत नाही.

कायद्याने ठरलेले आयुष्य

दिल्लीत हा हिशेब अधिकच महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली १५ वर्षांपेक्षा जुन्या वाहनांवर आणि २०१५ साली १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांवर बंदीचे आदेश दिले. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी राजधानी क्षेत्रासाठी हे बंधन कायम केले. पुढे १२ ऑगस्ट २०२५ रोजी, केवळ वयाच्या कारणाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा आदेश झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ही सवलत भारत स्टेज ४ व त्यापुढील वाहनांपुरती मर्यादित करण्यात आली.

यामुळेच नऊ वर्षांची डिझेल मोटार यंत्राने सुदृढ असूनही करोल बागेत स्वस्त मिळते. ग्राहकाने ही स्वस्ताई यंत्राच्या दोषाची मानू नये, आणि फायद्याचीही मानू नये. ती उरलेल्या अल्प आयुष्याची किंमत आहे. न्यायालयीन सवलतीवर हिशेब उभारू नये. नोंदणीचा शिल्लक काळच धरावा आणि खरेदीच्या दिवशी परिवहन विभागाकडे चौकशी करावी. मोटार अन्य राज्यात न्यावयाची असेल, तर तेथे तिची नोंदणी होईल की नाही हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

जुनी मोटार घेणे म्हणजे तिच्या भागांचे, कागदांचे आणि कायद्याने दिलेल्या वर्षांचे उरलेले आयुष्य विकत घेणे होय. किंमत त्या वर्षांनी भागून पाहावी, मगच सौदा करावा.

अभ्यासासाठी

१. वरील उदाहरणातील पहिली मोटार १,२०,००० रुपयांस मिळाली, तर तिची वार्षिक घट किती? आता कोणती मोटार स्वस्त ठरते?

२. रेडिएटरच्या झाकणाचे कार्य स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरशी ताडून पाहा.

३. शिक्षकांच्या देखरेखीखाली एखाद्या उभ्या वाहनाच्या टायरवरील चार अंक वाचा आणि टायरचे वय काढा.

४. वर्षास ८,००० ऐवजी ४,००० किलोमीटरच प्रवास झाला, तर कोणते खर्च निम्मे होतील आणि कोणते तसेच राहतील, ते लिहा.