गावची शाळा, जूनचा खर्च : फुकट काय, खिशातून काय?

बीड जिल्ह्यात पेरणी आणि शाळा एकाच पंधरवड्यात येतात. ऊसतोडणीहून परतलेल्या कुटुंबाकडे उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ मजुरी) फिटून जे काही उरलेले असते, त्यातच बी-बियाणे बसवायचे आणि त्यातच पोरांचे दप्तर. अशा वेळी "शाळेला वर्गणी द्या" असा निरोप आला, तर आई-बाप धास्तावणारच. म्हणून वाडी-तांड्यावरच्या छोट्या जिल्हा परिषद शाळेचा जूनचा हिशेब इथे मांडत आहे. त्याचे सूत्र एकच : आधी हक्काचे मागून घ्या, उरलेल्यासाठीच खिशात हात घाला.

पालकांनी ज्याचे पैसे द्यायचे नाहीत

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलांना सरकारी शाळेत पहिली ते आठवीपर्यंत फी नाही. वर्गणी दिली नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्मदाखला नाही म्हणूनही अडवता येत नाही. उशिरा आलेल्या मुलालाही प्रवेश द्यावाच लागतो.

* पुस्तके : पहिली ते आठवी, बालभारतीचा संच मोफत.
* गणवेश : दोन जोड. त्यासाठी प्रत्येक मुलामागे ६०० रुपये मिळतात. २०२३-२४ पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतली सगळीच मुले यात आली, जात किंवा दारिद्र्यरेषेची अट राहिली नाही.
* बूट आणि पायमोजे : प्रत्येक मुलामागे १७० रुपये, बुटांचा एक जोड, पायमोज्यांचे दोन.
* दुपारचे जेवण : पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम, पुढे आठवीपर्यंत १५० ग्रॅम धान्य. डाळ, भाजी, तेल, इंधनासाठी १ मे २०२५ पासून प्रत्येक मुलामागे रोज अनुक्रमे ६.७८ आणि १०.१७ रुपये.
* शिष्यवृत्ती : विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती; पाचवी ते सातवी महिना ६० रुपये, आठवी ते दहावी १०० रुपये, दहा महिन्यांसाठी. वंजारी, बंजारा, धनगर घरांतल्या लेकींसाठी याची चौकशी जूनमध्येच गुरुजींकडे करा.

घरून लागणारा खर्च

खालचे आकडे अंदाजाचे आहेत. तालुक्याच्या बाजारात भाव थोडा वर-खाली होईल.

* वह्या ८ ते १० (शंभर पानी) : २५० ते ३०० रुपये
* दप्तर : ३५० ते ५००
* पेन्सिल, खोडरबर, कंपास पेटी : १०० ते १५०
* पाण्याची बाटली : १०० ते १५०
* छत्री किंवा रेनकोट : २५० ते ३५०

म्हणजे एका मुलामागे साधारण १,०५० ते १,४५० रुपये. मागच्या वर्षीचे दप्तर आणि छत्री धड असेल, तर हाच खर्च सातशेच्या आत येतो.

इथे दोन सूचना. वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि रंगीत खडू यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. बिलात तो लावला असेल तर विचारा. आणि वह्या एकट्याने घेऊ नका. वस्तीतल्या दहा-पंधरा घरांनी मिळून डझनाने घेतल्या तर ठोक भाव मिळतो.

शाळेच्या हातात किती येते?

समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार वार्षिक अनुदान आहे. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,०००, १०१ ते २५० असेल तर ५०,०००. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. याशिवाय प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी आणि खेळाच्या साहित्यासाठी प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे.

२८ मुलांची, चौथीपर्यंतची वस्तीवरची शाळा धरू. गणवेशाचे १६,८००, बुटांचे ४,७६० आणि अनुदानाचे १०,००० मिळून ३१,५६० रुपये झाले. त्यातले २१,५६० मुलांच्या अंगावरच्या कपड्यांचे आणि पायातल्या बुटांचे आहेत. त्यांना दुसरीकडे हात लावायचा नाही. इमारतीसाठी खरे उरतात ते दहा हजारच.

आता या दहा हजारांसमोरचा खर्च, अंदाजाने :

* फळ्याचा रंग, खडू, डस्टर : ८००
* टाकी धुणे, नळ, ब्लीचिंग पावडर : १,५००
* स्वच्छतागृहाची कडी, बादल्या, साबण, फिनेल : २,०००
* रजिस्टर, कागद : १,५००
* वायरिंग, पंखा दुरुस्ती : १,२००
* प्रथमोपचार पेटी, अग्निशामक नळकांडे भरून घेणे : १,५००
* गळके पत्रे, हूक, पन्हळ : २,५००
* वर्षाचे वीजबिल : ३,०००

बेरीज १४,०००. तूट ४,०००. दोन खोल्यांना रंग द्यायचा तर मजुरीसह आणखी १०,०००. गावाने श्रमदान केले तर साहित्याचे ५,०००. म्हणजे लोकवर्गणीतून खरोखर हवे आहेत ते ९,००० रुपये. हा आकडा ग्रामसभेत असा उघड मांडला, तर "शाळेला पैसे लागतात कशाला?" हा प्रश्नच उरत नाही.

अनुदान जूनच्या आत खात्यावर येईलच, हे धरून चालू नका. म्हणून कामांचा क्रम ठरवा. पाणी, स्वच्छतागृह, गळके छत आणि उघडी वायर ही कामे शाळा उघडण्याआधी. रंग, बाग, बोलक्या भिंती पावसाळ्यानंतर. शिरूर, पाटोदा, आष्टीच्या डोंगरपट्ट्यात जूनच्या सुरुवातीलाही पाण्याची ओढ असते; तिथे टाकी आणि टँकरचे नियोजन सगळ्यात वर हवे.

वर्गणीआधी ठोठावायची दारे

पहिले दार ग्रामपंचायतीचे. महिला व बालकल्याणासाठी स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग ग्रामपंचायतीने खर्च करायचा असतो. पाणी आणि स्वच्छतेसाठी वित्त आयोगाचा निधी असतो. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून लेखी मागणी द्यावी. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदाच सांगतो. म्हणून बैठक मजुरीची वेळ टाळून संध्याकाळी घ्या.

त्यानंतरच वर्गणी, आणि तीही ऐपतीप्रमाणे. कुणी रोख देईल, कुणी दोन दिवस रंगकाम करील, कुणी ट्रॅक्टरभर मुरूम टाकील. पाटोदा तालुक्यातल्या जरेवाडीची जिल्हा परिषद शाळा अशाच गावाच्या साथीने नावारूपाला आली. प्रत्येक रुपयाची पावती द्या. खरेदीआधी तीन दुकानांची दरपत्रके घ्या, पक्के बिल मागा आणि जमा-खर्च शाळेच्या भिंतीवर लावा.

ऊसतोडणीला जाणाऱ्या घरांसाठी

जूनमध्ये भरलेला वर्ग दिवाळीनंतर रिकामा होतो, हे बीडचे जुने दुखणे. यावर हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल गावातच आजी-आजोबांकडे राहते आणि शाळेमार्फत त्याच्या जेवणाची व्यवस्था होते. त्यासाठी कोणती मुले जाणार, कोणती राहणार, याची यादी व्यवस्थापन समितीने ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या कितीतरी आधी तयार ठेवावी. मूल सोबत न्यावेच लागले, तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथला शांतिवन हा निवासी प्रकल्प ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी उभा राहिला आहे.

फसू नका

* मुलाचे आधार तपासून घ्या. शिक्षकांची संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मिळणार ते) आधार जुळलेल्या पटावर ठरते, आणि छोट्या शाळेत एका मुलाचाही फरक पडतो. ५ ते ७ वर्षे वयात बोटांचे ठसे देणे निःशुल्क आहे.
* जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात लावलेल्या दरापेक्षा जास्त देऊ नका आणि पावती घ्या.
* खासगी शाळेत घालत असाल तर मान्य फीचा तक्ता पाहा. ठरावीक दुकानातूनच गणवेश-वह्या घ्या, अशी सक्ती शाळेला करता येत नाही. दुकानदाराने फसवले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पेरणीआधी आपण बियाण्याची पिशवी उलटून तारीख वाचतो, भाव विचारतो, पावती जपून ठेवतो. शाळेच्या बाबतीतही तेवढेच करा. येत्या बैठकीला घरातले एक माणूस पाठवा आणि तीन प्रश्न विचारा : अनुदान किती आले, कशावर गेले, आणि किती कमी पडते? उत्तर मिळाल्यावर जे कमी पडते, ते मात्र मोकळ्या मनाने द्या.