ऑनलाईन शेतीशाळेत लक्ष कसे टिकवावे?



सन २०२० च्या टाळेबंदीपासून मोबाईलवरील थेट प्रशिक्षण आपल्या परिचयाचे झाले. परंतु सुरुवातीला जमलेली मंडळी थोड्याच वेळात एकेक करून गळतात, हाही अनेकांचा अनुभव आहे. भातकुली तालुक्याच्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे असल्याने कपाशीची भिस्त मुख्यतः पावसावर असते. अशा पिकाची पाहणी लांबली आणि गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली, की फवारणीचे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. खर्च मात्र होतो. म्हणून प्रशिक्षणातील माहिती वेळेवर शेतात उतरणे महत्त्वाचे आहे.

शेतीशाळेची पद्धत सन १९८९ मध्ये इंडोनेशियात भातपिकासाठी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः पाहावे, मोजावे व सांगावे, हे तिचे मर्म. मोबाईलवरही हेच तत्त्व लागू पडते. त्यासाठी गटप्रमुखांनी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

१) वेळ : शेतीची कामे आटोपल्यावर, भारनियमन टाळून वेळ ठरवावी. वर्ग पाऊण तासापेक्षा लांबवू नये.

२) बैठक : रेंज असलेल्या ठिकाणी चार-पाच जणांनी एका मोबाईलभोवती बसावे. ज्या भगिनींकडे स्वतंत्र मोबाईल नाही, त्यांनाही सहभागी करून घ्यावे.

३) पूर्वतयारी : कपाशीला बोंडे लागल्यावर प्रत्येकाने एकरी २० हिरवी बोंडे निरनिराळ्या झाडांवरून तोडून सोबत आणावीत. कामगंध सापळ्यांतील पतंगांची रोजची नोंदही आणावी.

४) प्रात्यक्षिक : तज्ज्ञांसमोर बोंडे फोडून प्रत्येकाने आपला आकडा सांगावा. २० पैकी २ बोंडांत अळी आढळल्यास, अथवा प्रति सापळा ८ पतंग सलग ३ रात्री आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. उपायांची चर्चा या आकड्यांवरूनच करावी.

५) प्रश्न : "समजले का?" असे विचारल्यास सर्वजण होच म्हणतात. त्याऐवजी नाव घेऊन, "भाऊ, तुमच्या वावरात आता काय कराल?" असे विचारावे. उत्तर चुकल्यास हसू नये. त्याच उत्तरावर चर्चा करावी.

६) समारोप : प्रत्येकाने आठवड्यात करावयाचे एक काम सांगावे. पुढील वर्गाची सुरुवात त्याच कामाच्या आढाव्याने करावी.

ज्याला आपल्या बोंडांचा हिशोब सांगायचा असतो, तो मध्येच उठून जात नाही. तेव्हा पुढील वर्गास रिकाम्या हाताने बसू नका. आपल्या शेतातील बोंडे घेऊनच बसा.