ओढ्याची वाट

कात्रजच्या डोंगरातून आंबिल ओढा निघतो. तो पुणे शहरातून वाहतो आणि मुठा नदीला मिळतो. एरवी त्यात पाणी थोडे. पाहणाऱ्याला वाटते, हा ओढा कसला, हे तर गटार! म्हणून लोकांनी काठाला घरे बांधली. कुठे भराव टाकला, कुठे भिंत घातली. ओढ्याची वाट अरुंद झाली.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. कात्रजकडे धो धो पाऊस कोसळला. ओढ्याला लोंढा आला. भिंती पडल्या. मोटारी वाहून गेल्या. मुकी जनावरे मेली. शहरात आणि जिल्ह्यात मिळून २० हून जास्त माणसे दगावली.

पुण्याला पूर नवा नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि शहरात पाणी शिरले. पण २०१९ साली धरण फुटले नव्हते. हे पाणी आभाळातून आले होते.

असा पाऊस का पडतो? ओले धोतर उन्हात लवकर वाळते, हे तुम्ही पाहता. ऊन हवा पाणी जास्त ओढते. दगडी कोळसा आणि तेल जाळून माणसाने पृथ्वी तापवली आहे. हवा एक अंश तापली, की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. १०० पायलीच्या कणगीत १०७ पायली मावावी, तसे हे झाले. मग ती कणगी एकदम रिकामी होते!

उत्तर ध्रुवाकडे पाहा. तिथली जमीन बारा महिने गोठलेली असे. तिच्यावर लोकांनी घरे बांधली, रस्ते केले. आता ती जमीन विरघळते आहे. पाया खचतो, घराला तडे जातात. देश थंड असो की उष्ण, धडा एकच. जुन्या हवामानाचा हिशोब धरून नवे बांधकाम करू नये.

नदीकाठी सरकार निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, घर बांधू नये. लाल रेषा मोठ्या पुराची. पण या रेषा मागच्या पुरांवरून आखतात. पाऊस बदलला, तर रेषाही पुन्हा तपासल्या पाहिजेत.

२०२१ साली नऱ्हे, किरकटवाडी अशी २३ गावे पुणे महापालिकेत आली. गाव वाढते तेव्हा विकास आराखडा तयार होतो. तो लोकांसमोर ठेवतात आणि हरकती मागवतात. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा नकाशा पाहा. आपला ओढा त्यात आहे का? नसेल, तर मुदतीत लेखी हरकत द्या. जागा स्वस्त मिळते म्हणून भुलू नका. आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा, “बाबा, इथवर पाणी येत होतं का?”

ओढा आटतो, पण आपली वाट विसरत नाही.

प्रश्न
१. आंबिल ओढ्याची वाट अरुंद का झाली?
२. हवा तापली की पाऊस जोराचा का पडतो?
३. पूररेषा पुन्हा का तपासावी?
४. तुमच्या गावच्या ओढ्याच्या काठी काय काय बांधले आहे? पाच ओळी लिहा.