निवासी भागातील लघुशेती : बंगळूरुचे भूवापर नियम आणि कीड व्यवस्थापन

प्रास्ताविक
2007 मध्ये बंगळूरु महानगरपालिकेची हद्द वाढून तीत आसपासच्या आठ नागरी संस्था आणि 110 गावे समाविष्ट झाली. परिणामी भाजीपाल्याचे मळे, द्राक्षबागा व गोठे नव्या वसाहतींना खेटून आले. दुसरीकडे परसातील व गच्चीवरील लागवडही रूढ होत आहे. हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने तर अशा लागवडीसाठी ‘अर्का’ उभी बाग रचना विकसित केली आहे. या शेतीस लागू होणारे नियम आणि त्यांतील उणिवा विस्तार कार्यकर्त्यांना ज्ञात असणे आवश्यक आहे.

भूवापराचे नियम
कर्नाटक नगर व ग्रामनियोजन कायदा, 1961 नुसार नियोजन क्षेत्रात जमिनीचा वापर बदलण्यासाठी प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते. शेतीच्या नित्य कामातील विहीर व खोदाई, तसेच केवळ शेतजमिनीवर जाण्यासाठीचा कच्चा रस्ता यांना त्यातून सूट आहे. महाराष्ट्राच्या 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही अशीच तरतूद आढळते. कर्नाटक जमीन महसूल कायदा, 1964 चे कलम 95 शेतजमिनीच्या बिगरशेती वापरास लागू होते.

या नियमांचा मुख्य रोख शेतजमिनीवर होणाऱ्या बांधकामाकडे आहे. अंगणात कुटुंबापुरती मेथी-पालक लावल्याने भूखंडाचा निवासी वापर बदलत नाही. परंतु विक्रीसाठी शेड, गोठा वा कुक्कुटपालन करावयाचे असल्यास स्थानिक संस्थेकडे आधी लेखी विचारणा करणे हिताचे ठरते.

फवारणीविषयक पोकळी
कीटकनाशक कायदा, 1968 हा कीटकनाशकांची नोंदणी, उत्पादन व विक्री नियंत्रित करतो. मात्र कलम 38 नुसार स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेत किंवा स्वतःच्या लागवडीखालील जमिनीवर केलेल्या वापरास हा कायदा लागू होत नाही. मोकळ्या शिवारात या सवलतीचा धोका मर्यादित असतो. परंतु जेथे फवारणीपासून शेजारची खिडकी दहा फुटांवर असते, तेथे तीच सवलत चिंतेची बाब ठरते. अशा ठिकाणी कार्यकर्त्याचा सल्ला हेच व्यवहारातील मुख्य नियंत्रण उरते.

अनावश्यक फवारणीने मित्रकीटकांचीही हानी होते. पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइम्बतूर येथे आढळला आणि पुढे झपाट्याने पसरला. 2010 मध्ये बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने त्यावरील ‘असेरोफॅगस पपाये’ ही परोपजीवी गांधीलमाशी प्युएर्तो रिकोतून आणून प्रसारित केली. हा पिठ्या ढेकूण परसातील पपई व जास्वंदीवरही वाढतो. तेथे तीव्र रसायन फवारल्यास प्रथम ही गांधीलमाशी नष्ट होते आणि कीड पुन्हा उसळते.

साचलेले पाणी
कर्नाटकाने 2024 मध्ये डेंग्यूस साथरोग घोषित केले आणि डासांच्या उत्पत्तिस्थानांबद्दल शहरी घरांना 400 रुपये दंड ठरविला. कुंड्यांखालील ताटल्या व पाण्याची पिंपे ही एडिस डासाची आवडती ठिकाणे होत. या डासाची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ साधारणतः 7 ते 10 दिवसांत होते. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात व कोरड्या अवस्थेतही अनेक महिने तग धरतात. म्हणून केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही.

शिफारशी
1. लाल त्रिकोण असलेले कीटकनाशक निवासी भागात वापरू नये. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर 2005 पासून बंद आहे, हे आवर्जून सांगावे.
2. प्रथम हाताने वेचणी, पाण्याचा जोरदार फवारा आणि चिकट सापळे हे उपाय करावेत. गरज भासल्यासच कडुनिंबयुक्त साबण वेष्टनावरील मात्रेनुसार वापरावा.
3. फवारणी मधमाश्यांचा वावर थांबल्यावर, सायंकाळी वारा शांत असताना करावी. शेजाऱ्यांना आधी कळवावे व काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ पाळावा.
4. पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत. पिंपांना घट्ट झाकण वा जाळी लावावी.

निष्कर्ष
निवासी भागातील शेती टिकायची असेल तर शेजाऱ्यांचा विश्वास टिकणे आवश्यक आहे. विषबाधेच्या किंवा डेंग्यूच्या एका घटनेने संपूर्ण वसाहतीत कुंड्यांवर बंदी येऊ शकते. कायद्याने मोकळी ठेवलेली जागा योग्य सल्ल्याने भरून काढणे, हे विस्तार कार्यकर्त्यांचे काम आहे.