रस्त्याचा हक्क आणि कॅमेऱ्याची नजर

जुम्याच्या नमाजनंतर वर्ध्यातील एका तरुणाने मला थांबवून प्रश्न विचारला. तो महाविद्यालयात शिकतो आणि मोबाईलवर उत्तम छायाचित्रे काढतो. लक्ष्मीनारायण मंदिराचे शिखर, सेवाग्रामच्या कुट्यांची कौले, गोपुरीच्या गीताई मंदिरातील उघड्या आभाळाखाली उभ्या असलेल्या शिळा, इतवाऱ्यातील भाजीवाल्या, सकाळी चौकात कामाच्या प्रतीक्षेत थांबलेले मजूर असे त्याचे विषय. "मौलाना, हे जायज आहे की नाही, एका शब्दात सांगा," असे तो म्हणाला. एका शब्दात उत्तर देणे मला जमले नाही. हा लेख म्हणजे त्याला दिलेले लांबलेले उत्तर आहे.

त्याच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला चित्राविषयीचा, दुसरा माणसाविषयीचा. आपल्याकडे चर्चा पहिल्यावर सुरू होते आणि तेथेच संपते.

पहिल्याचा विचार थोडक्यात करू. इमारत, वृक्ष, नदी, डोंगर अशा निर्जीव वस्तूंच्या किंवा निसर्गाच्या चित्रणाबाबत अडचण नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे चित्रे काढून पोट भरणारा एक मनुष्य आला, तेव्हा त्यांनी त्याला सजीवांच्या प्रतिमांपासून रोखले आणि वृक्षांची व ज्यांत प्राण नाही अशा वस्तूंची वाट दाखवली. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मदीना मुनव्वराची पहिली ज्ञात छायाचित्रे इजिप्तच्या लष्करातील मुहम्मद सादिक बे या अधिकाऱ्याने 1861 मध्ये घेतली. मस्जिदे नबवीचे त्या काळचे रूप आज आपल्याला दिसते ते अशा हातांमुळे. सजीवांच्या छायाचित्राबाबत मात्र उलमांमध्ये मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी कॅमेऱ्याने छायेला धरून ठेवणे हे हाताने प्रतिमा घडवण्याहून वेगळे मानले आणि ते वैध ठरवले. देवबंदच्या परंपरेतील मुफ्ती मुहम्मद शफी यांनी ते अवैध मानले. पासपोर्टसारख्या निकडीच्या कामापुरती सूट मात्र कठोर मत बाळगणारेही देतात, अन्यथा हजला जाणे कठीण झाले असते. मी मदरशात कठोर मत शिकलो आणि आजही घराच्या भिंतीवर माणसांची तसबीर लावीत नाही. ज्याने ज्या आलिमावर विश्वास ठेवला असेल, त्याने त्याच्याकडे विचारावे. परंतु छायाचित्र वैध मानले तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतोच: ज्याचे चित्र घेतले, त्याच्या हक्काचे काय?

रस्त्यावर बसण्याविषयीची हदीस हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आली आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सहाब्यांना रस्त्यांवर बैठकी मांडण्यापासून सावध केले. सहाब्यांनी अर्ज केला की, त्यावाचून आम्हाला गत्यंतर नाही, आमच्या गप्पागोष्टी तेथेच होतात. तेव्हा बसायचेच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, असे आपण (स.) फर्मावले. तो हक्क कोणता, असे विचारल्यावर सांगितले: नजर झुकवणे, त्रास न देणे, सलामला उत्तर देणे, भल्याची आज्ञा करणे आणि वाइटापासून रोखणे.

रस्ता सर्वांचा आहे, म्हणून तेथे मला वाटेल ते करता येईल, असा युक्तिवाद छायाचित्रकार नेहमी करतात. हदीसमध्ये तर्काची दिशा नेमकी उलट आहे. रस्ता सर्वांचा आहे म्हणूनच त्याचा हक्क माझ्यावर आहे. आणि त्या हक्कांच्या यादीत अग्रस्थानी डोळा आहे.

कॅमेरा हा डोळाच. फरक एवढाच की साधा डोळा विसरतो, हा विसरत नाही. आणि त्याने पाहिलेले हजारो लोक पाहतात. हजरत अली (रजि.) यांना पैगंबर (स.) यांनी समजावले होते की, अवचित पडलेली पहिली नजर माफ आहे, तिच्यामागोमाग दुसरी टाकू नये. ही रिवायत अबू दाऊद व तिरमिजीमध्ये आहे आणि ती परस्त्रीकडे पाहण्यासंबंधी आहे. तरीही मला वाटते की तिच्यातून छायाचित्रणासाठीही एक मापदंड मिळतो. मंदिराच्या शिखराचे किंवा स्टेशनच्या दर्शनी भागाचे चित्र घेताना चौकटीत पन्नास माणसे आली, कोणावरही रोख नाही, तर ती पहिल्या नजरेसारखी आहेत. त्या पन्नासांतील एकीचा चेहरा झूम करून जवळ आणणे, ही दुसरी नजर.

परवानगी विचारली की चेहऱ्यावरचा सहजभाव नाहीसा होतो, अशी तक्रार तो तरुणही करीत होता. ती खोटी नाही. तिचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते.

गांधीजींचे नातलग कनू गांधी हे आश्रमात कार्यालयीन कामे करीत. विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी त्यांना गांधीजींच्या दिनक्रमाची छायाचित्रे घेण्याची प्रेरणा दिली. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले. गांधीजींनी संमती दिली, पण तीन अटींवर: प्रकाशझोत वापरायचा नाही, अमुक पद्धतीने बसा किंवा उभे राहा असे सांगायचे नाही आणि आश्रमाचा पैसा यासाठी मागायचा नाही. सुमारे 1938 पासून 1948 पर्यंत कनू गांधींनी जी चित्रे घेतली, ती या अटींच्या आत राहून घेतली. ती सहज आहेत, कारण संमती आधीच मिळालेली होती. समोरच्याला लपवण्यासारखे काही उरले नव्हते. आधी विचारणे आणि मग तो माणूस आपल्या कामात पुन्हा रमेपर्यंत थांबणे, हा मार्ग लांबचा आहे खरा. परंतु त्याने चित्र बिघडत नाही.

याच कनू गांधींना एकदा नकारही मिळाला. 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. त्या क्षणाचे चित्र घेण्यास गांधीजींनी मनाई केली. इतिहासाच्या दृष्टीने ते चित्र किती मोलाचे ठरले असते, याचा हिशेब त्या खोलीत कोणी मांडला नाही. सूरह नूरमध्ये (24:28) दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगितले आहे की, परत जा असे म्हटले गेले तर परत जावे, त्यातच तुमच्यासाठी अधिक पावित्र्य आहे. आपण या आयतीचा संबंध केवळ दाराशी जोडतो. परंतु परवानगीचा नियम नजरेमुळेच घालून दिला गेला, असे पैगंबर (स.) यांनी एका डोकावणाऱ्याला बजावल्याचे हजरत सहल बिन सअद (रजि.) यांनी सांगितले आहे. ज्याचे घर म्हणजे फूटपाथवरचे दोन हात कापड, त्याला दार नाही. त्याचा चेहरा हेच त्याचे दार.

येथवर लिहिणे सोपे होते. पुढचे लिहिताना लेखणी अडखळते, कारण त्यात दोषी मी आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यातील एका मशिदीत मी इमाम होतो. रमजानमध्ये शिधावाटप झाले. देणगीदारांना हिशेब दिसावा म्हणून छायाचित्रे घ्यायचे ठरले आणि ते काम मी आवडीने पत्करले. एका विधवेने पिशवी घेताना ओढणी पुढे ओढली. मी म्हणालो, "खालाजान, जरा इकडे बघा." त्यांनी पाहिले. चित्र चांगले आले आणि गटागटांतून फिरत राहिले. पुढच्या रमजानमध्ये त्या आल्या नाहीत. मी पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेलो, तर दारात त्यांचा मुलगा उभा होता. तो नागपूरला कामाला असे. "आमचं भागतं, मौलाना," इतकेच तो म्हणाला. आवाज चढवला नाही. त्याने ते चित्र पाहिले होते, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळले.

सूरह बकरामध्ये (2:273) अशा गरजूंचे वर्णन आहे की ते मागत नाहीत, आणि त्यांच्या संकोचामुळे अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. त्या स्त्रीने वर्षानुवर्षे जपलेला तो पडदा मी एका स्पर्शाने दूर केला. त्याच सूरहमध्ये (2:264) उपकार दाखवून आणि दुखवून दान वाया घालवू नका, अशी ताकीद आहे. ती आयत मी किती खुतब्यांत पढली होती, हे मोजवत नाही.

हिशेबाचे काय, असे विश्वस्त विचारतील. हिशेब हवाच, देणगी ही अमानत आहे. धान्याच्या गोण्यांचे, दुकानाच्या पावतीचे, वाटपाच्या नोंदवहीच्या बंद मुखपृष्ठाचे चित्र घ्यावे. घेणाऱ्याचा चेहरा हा हिशेबाचा कागद नव्हे. आणि येथे परवानगी विचारून भागत नाही, हेही लक्षात घ्यावे. ज्याचा हात पिशवीकडे वळला आहे, तो नाही कसे म्हणणार? त्याचा होकार घेणे म्हणजे त्याच्या गरजेचा फायदा घेणे.

देशाच्या कायद्याविषयी एवढे सांगितले पाहिजे की, स्वामित्व हक्क अधिनियम, 1957 च्या कलम 52 नुसार वास्तूचे छायाचित्र घेणे व प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. अमुक वास्तूच्या आत कॅमेरा चालतो की नाही, हे त्या त्या जागेच्या व्यवस्थापनाला विचारावे. मंदिर असो, दर्गा असो वा आश्रम, फलकावर मनाई लिहिली असेल तर हुज्जत घालू नये. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांच्या दर्ग्यात सर्व धर्मांचे लोक येतात. तेथे डोळे मिटून दुआ मागणाऱ्या मातेसमोर मोबाईल धरणाऱ्याला फलकाची वाट पाहावी लागू नये.

हे सारे मी त्या तरुणाला दोन-तीन बैठकींत सांगितले. काही दिवसांनी तो इतवाऱ्यातील नवे चित्र घेऊन आला. त्याने भाजीवालीला विचारले होते. तिने चेहऱ्याला नकार दिला आणि वांग्यांच्या टोपलीचा काढ म्हणाली. चित्रात टोपली होती, सकाळचे ऊन होते आणि कडेला वांगी रचणारा तिचा हात होता. त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होते.

"हाताचे विचारलेस?" मी म्हणालो.

तो थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिला. मग मोबाईल खिशात घालून पुन्हा इतवाऱ्याकडे निघाला.