स्वारगेटच्या स्थानकावर लॅटिन धातूंचा पाठ

इंग्रजी शब्दांची नुसती घोकंपट्टी हे मुलांना त्या भाषेची धास्ती वाटण्याचे एक मोठे कारण होय. पाठ केलेला सुटा शब्द परीक्षेनंतर विसरला जातो. मूळ उमगलेला शब्द मात्र आपल्याबरोबर आणखी चार शब्द आणतो. लॅटिनमधून, पुष्कळदा फ्रेंचच्या वाटेने, इंग्रजीत आलेले शब्द विपुल आहेत. त्यांचे धातू शिकविण्यास पुण्यातील स्वारगेटचे एस. टी. स्थानक हे उत्तम साधन आहे.

प्रथम ‘एस. टी.’ हेच नाव घ्यावे. त्यातील ‘टी’ म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट’. लॅटिन ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणे व ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. ओझे वाहणारा तो ‘पोर्टर’, माल देशात आणणे ते ‘इम्पोर्ट’, बाहेर पाठविणे ते ‘एक्स्पोर्ट’. एका धातूने चार शब्द उलगडले.

१ जून १९४८ रोजी तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्यास पहिली एस. टी. बस धावली. ‘बस’ हे ‘ऑम्निबस’ या शब्दाचे शेपूट होय. ‘ऑम्निस’ म्हणजे सर्व. ‘ऑम्निबस’ हे त्याचे चतुर्थीचे अनेकवचन, अर्थ ‘सर्वांसाठी’. शब्द गेला व प्रत्यय उरला. जणू ‘सर्वांना’ यातील ‘ना’ तेवढा राहावा!

‘स्टेशन’ या शब्दाच्या मुळाशी ‘स्तारे’, म्हणजे उभे राहणे, हा धातू आहे. त्याचा संस्कृत भाऊ ‘स्था’, त्यावरून ‘स्थानक’. तसेच ‘व्हेइकल’मधील ‘वेहेरे’ आणि ‘वाहन’मधील ‘वह्’. हा योगायोग नव्हे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास प्रतिपादिले होते. मराठी मुलास हे धातू परके नाहीत, ते याचमुळे.

मात्र सारखा ध्वनी म्हणजे सारखे मूळ नव्हे. ‘पोर्ट्रेट’मध्ये ‘पोर्ट’ ऐकू येते, पण त्याचे मूळ ‘त्राहेरे’, म्हणजे ओढणे, हे आहे. शंका येताच शिक्षकाने कोश उघडावा व मुलांनाही तीच सवय लावावी.

स्वाध्याय : (१) ‘कॉन’ म्हणजे बरोबर, ‘दूकेरे’ म्हणजे नेणे, तर ‘कंडक्टर’ या शब्दाचा मूळ अर्थ काय? (२) ‘री’ म्हणजे परत. तर ‘रिपोर्ट’ देणारा काय वाहून आणतो?

उत्तरे सांगू नयेत. मुलांना ती शोधू द्यावीत.